फ्रीबीएसडी १३ वरून १४: सोर्समधून अपग्रेड, परतीची वाट शाबूत ठेवून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसचा फाइल आणि मेलचा सर्व्हर फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) १३.५ वर आहे, रूट म्हणजे मूळ डिरेक्टरी झेडएफएस या फाइल सिस्टिमवर आहे, मशीन डेटा सेंटरमध्ये आहे आणि तुम्ही एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करूनच आत जाता. कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) स्वतःचे काही बदल असल्यामुळे १४.३ वर सोर्समधूनच जायचंय. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात कर्नल टाकल्यावर मध्येच एक रीबूट सांगितलाय, तो टाळून कर्नल आणि वर्ल्ड (कर्नल सोडून बाकीची सिस्टिम, म्हणजेच युजरलँड) एका दमात टाकले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ऑफिसातच एक जुनं मशीन यूएफएस या जुन्या फाइल सिस्टिमवर आहे, त्याचं काय करायचं?

चालू सिस्टिमवर एका दमात टाकू नका. पण रूट झेडएफएसवर आहे, म्हणून एकाच रीबूटमध्ये उरकायचा वेगळा, रीतसर मार्ग तुम्हाला मोकळा आहे, आणि लांबच्या मशीनसाठी मला तो हँडबुकातल्या क्रमापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

कर्नलमध्ये बदल नसते तर तयार फायली उतरवून टाकणारं 'फ्रीबीएसडी-अपडेट' वापरा एवढंच मी सांगितलं असतं. तुमचं कारण पक्कं आहे, आणि १३ च्या ब्रँचची मुदत ३० एप्रिल २०२६ पर्यंतच असल्यामुळे हे काम पुढे ढकलण्यातही अर्थ नाही.

आधी क्रमाबद्दल. कर्नल आणि युजरलँड एकाच सोर्समधून तयार होतात, पण सुसंगततेची हमी एकाच बाजूने असते. नवा कर्नल जुन्या युजरलँडला सांभाळून घेतो. कर्नलच्या जेनेरिक या ठरलेल्या कॉन्फिगमध्ये 'कॉम्पॅट_फ्रीबीएसडी१३' हा पर्याय असतो तो यासाठीच: एखाद्या सिस्टिम कॉलचं (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीचं) रूप बदललं तरी जुनं रूप त्याच्यामुळे कर्नलमध्ये राहतं. जुन्या कर्नलवर नवं युजरलँड चालेल अशी हमी मात्र कुणीही दिलेली नाही. नव्या लिबसीने (सगळे प्रोग्राम वापरतात त्या मूळ सी लायब्ररीने) असा सिस्टिम कॉल मागितला जो चालू कर्नलला माहीतच नाही, तर त्या प्रोसेसला सिगसिस सिग्नल जातो, स्क्रीनवर 'बॅड सिस्टिम कॉल' उमटतं आणि प्रोसेस मरते. ती प्रोसेस 'इन्स्टॉल' किंवा 'एसएच' निघाली की इन्स्टॉलवर्ल्ड, म्हणजे वर्ल्ड डिस्कवर टाकायचं काम, अर्ध्यावर थांबतं. मग लायब्ररी नवी, निम्मे कमांड जुने, आणि तुमचं एसएसएच सेशन तुटेपर्यंतच तुम्ही आत.

हे नुसतं पुस्तकी नाही. मे २०१७ मध्ये १२ च्या विकासाच्या ब्रँचमध्ये आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिममधले फायलींचे अंतर्गत क्रमांक) ६४ बिटांचे झाले. 'स्टॅट'सारखे रोजच्या वापरातले कॉल आणि डिरेक्टरी वाचायचे कॉल त्यात बदलले. तेव्हाच्या अपडेटिंग फाइलीत (सोर्सबरोबर येणाऱ्या बदलांच्या नोंदीत) स्पष्ट बजावलं होतं की ठरलेला क्रमच पाळा, आणि कर्नलचं कॉन्फिग स्वतःचं असेल तर त्यात 'कॉम्पॅट_फ्रीबीएसडी११' असल्याची खात्री करा, कारण अपग्रेडच्या मधल्या काळात नव्या कर्नलवर जुनं वर्ल्ड चालणार आहे. तुमचं कॉन्फिग स्वतःचं आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. जेनेरिकची पूर्ण फाइल कॉपी करून तिच्यातल्या ओळी कमी-जास्त करू नका. पहिल्या ओळीत 'इन्क्लूड जेनेरिक' लिहा आणि खाली फक्त आपला फरक ठेवा. असं केलं की प्रत्येक नव्या आवृत्तीतले कॉम्पॅटचे पर्याय आपोआप येतात.

आता पूर्ण कामाकडे एका नजरेने बघा: कुठली पायरी उलटवता येते आणि कुठली नाही? सोर्स आणणं आणि बिल्ड करणं निर्धोक आहे, '/यूएसआर/ओबीजे' पुसलं की सगळं पूर्ववत. कर्नल टाकणंही उलटवता येतं. इन्स्टॉलवर्ल्डच्या आधी बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची बूट करता येणारी प्रत) केलेलं असेल तर तेही. पण जुन्या लायब्ररी पुसणं आणि 'झेडपूल अपग्रेड' (झेडएफएसच्या पूलवर, म्हणजे डिस्कच्या साठ्यावर, नवी फीचर सुरू करणं) या दोन पायऱ्यांवर वाट बंद होते. माझ्या पाहण्यात जी मशीनं खरोखर अडकली, ती बिल्डच्या एररमुळे क्वचितच. या दोनांपैकी एक पायरी घाईने टाकल्यामुळे जास्त.

सोर्स आणि अपडेटिंग फाइल

प्रकल्पाचं सोर्स डिसेंबर २०२० पासून गिटवर आहे. 'रेलइंजी/१४.३' ही ब्रँच घ्या. तिच्यात रिलीजनंतर फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात. 'स्टेबल/१४' सर्व्हरवर चालवणारे लोक आहेत, पण त्यांना रोजचे कमिट वाचायची सवय असते. आपले कर्नलचे पॅच वेगळ्या लोकल ब्रँचवर ठेवा म्हणजे पुढच्या वेळी फक्त रीबेस करावं लागेल.

मग '/यूएसआर/एसआरसी/अपडेटिंग' ही फाइल उघडा आणि १३ ची ब्रँच फुटली तिथपासून वरपर्यंत वाचा. हे वाचन लोक टाळतात, आणि तुमच्यासारख्या मेलच्या सर्व्हरला तर ते फारच महागात पडेल. १४.० पासून मेल पाठवायचा ठरलेला प्रोग्राम सेंडमेल राहिला नाही, त्याच्या जागी ड्रॅगनफ्लाय मेल एजंट आला. तुम्ही बेसमधलाच (मूळ सिस्टिमबरोबर येणारा) सेंडमेल वापरत असाल तर '/ईटीसी/मेल/मेलर.कॉन्फ' फाइलीत काय उरतं ते तपासावं लागेल. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पोर्ट्समधून (बेसबाहेरच्या प्रोग्रामांच्या संग्रहातून) असेल आणि '/यूएसआर/लोकल/ईटीसी/मेल' मध्ये त्याची स्वतःची मेलर.कॉन्फ असेल तर ती आधी वाचली जाते, म्हणजे चिंता नाही. १४ मध्येच रूटचं शेल सीएसएचऐवजी एसएच झालं. आणि लॉगिनच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे एकदाच वापरायच्या पासवर्डची ओपी ही यंत्रणा बेसमधून काढून टाकली. पॅमच्या (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या) फायलींत 'पॅम_ओपी' किंवा 'पॅम_ओपीअ‍ॅक्सेस'ची ओळ उरली नसल्याची खात्री करा, असं अपडेटिंगमध्ये लिहिलंय. ती ओळ '/ईटीसी/पॅम.डी/एसएसएचडी' मध्ये उरली आणि मॉड्यूल पुसलं गेलं, तर दारच बंद.

बिल्ड

'मेक -जे८ बिल्डवर्ल्ड बिल्डकर्नल' हा कमांड टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवा आणि सगळा आउटपुट लॉगमध्ये वळवा. 'जे'पुढचा आकडा तुमच्या कोअरइतका, पण रॅम बघून. सगळ्यात जास्त वेळ एलएलव्हीएम (कंपायलर) खातं, आणि रॅम कमी असली की त्याच्याच एखाद्या प्रोसेसला कर्नल मारून टाकतो. 'डीमेसेज'मध्ये 'वॉज किल्ड: फेल्ड टु रिक्लेम मेमरी' दिसलं तर सोर्समध्ये दोष शोधत बसू नका, आकडा निम्मा करा. दरवेळी वेगळ्याच फाइलीवर सिग्नल ११ येऊन बिल्ड पडत असेल तर रॅम किंवा तापमान बघा. त्या मशीनवर अपग्रेडच्या आधी मेमटेस्ट हवा. आणि एकाच जागी एरर येत असेल तर '-जे' शिवाय पुन्हा चालवा, कारण समांतर बिल्डमध्ये खरी ओळ लॉगच्या शेवटाला नसते, बरीच वर गेलेली असते.

कर्नल कॉन्फिगचं नाव '/ईटीसी/मेक.कॉन्फ' मध्ये 'कर्नकॉन्फ' म्हणून लिहून ठेवा, म्हणजे बिल्ड एका कॉन्फिगचा आणि इन्स्टॉल दुसऱ्याचा असं होणार नाही. त्याच फाइलीत आणखी एक गोष्ट: नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर पोर्ट्समधला आहे का? रियलटेकच्या कार्डांसाठी बरेच जण 'नेट/रियलटेक-आरई-केमॉड' वापरतात. ते मॉड्यूल १३ साठी बांधलेलं आहे, १४ च्या कर्नलवर त्याचा भरवसा नाही. डोळ्यांसमोरच्या मशीनवर ही किरकोळ अडचण. डेटा सेंटरमधल्या मशीनवर नेटवर्क न येणं म्हणजे मशीन नसणंच. 'पोर्ट्स_मॉड्यूल्स' मध्ये त्या पोर्टचं नाव लिहा, म्हणजे ते नव्या कर्नलबरोबरच बांधलं आणि टाकलं जाईल.

बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये नेमकं काय येतं

बूट एन्व्हायर्नमेंट म्हणजे रूट डेटासेटचा (डेटासेट म्हणजे झेडएफएसमधला स्वतंत्र विभाग) क्लोन. इन्स्टॉलरने केलेल्या नेहमीच्या रचनेत '/यूएसआर/लोकल' आणि '/व्हार/डीबी' रूट डेटासेटमध्येच असतात, म्हणजे पॅकेजेस आणि त्यांची नोंद सिस्टिमबरोबरच पुढे-मागे होते. हे आपल्याला हवंच आहे. '/व्हार/मेल', '/व्हार/लॉग' आणि '/यूएसआर/होम' यांचे डेटासेट वेगळे असतात, त्यामुळे मेल आणि लोकांच्या फायली दोन्ही बाजूंना त्याच दिसतात. हेही हवंच.

गोची डेटाबेसची आहे. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचा डेटा '/व्हार/डीबी'खाली असतो आणि त्याला वेगळा डेटासेट दिलेला नसेल तर तोही क्लोनमध्ये जातो. क्लोन केल्यापासून रीबूट होईपर्यंत आलेल्या नोंदी जुन्या बाजूला राहतील. उद्या १४ वरून १३ वर परतलात तर मधल्या दिवसांच्या नोंदी नव्या बाजूला अडकतील. कुठलाही एरर न येता हे घडतं, म्हणून जास्त घातक. 'झेडएफएस लिस्ट' आत्ताच बघा. डेटाबेस, मेलची रांग, मेलबॉक्स '/व्हार/मेल'च्या बाहेर ठेवले असतील तर तेही, यातलं जे काही रूटमध्ये असेल ते आधी स्वतंत्र डेटासेटवर हलवा. उलट कुणी '/यूएसआर/लोकल' वेगळ्या डेटासेटवर टाकलं असेल तर परतताना सिस्टिम १३ ची आणि पॅकेजेस १४ ची अशी खिचडी होईल; ते रूटमध्ये परत आणा. '/यूएसआर/ओबीजे'ला मात्र वेगळा डेटासेट द्या, नाहीतर बिल्डचा सगळा पसारा प्रत्येक क्लोनच्या गळ्यात राहतो.

इन्स्टॉल

चालू सिस्टिमला हात न लावता सगळं क्लोनमध्ये टाकायचं. बूट एन्व्हायर्नमेंट हाताळणारा कमांड 'बीईसीटीएल'. 'बीईसीटीएल क्रिएट १४.३', मग 'बीईसीटीएल माउंट १४.३ /एमएनटी'. पुढे 'मेक इन्स्टॉलकर्नल डेस्टडिर=/एमएनटी', मग 'एटीसीअपडेट -पी -डी /एमएनटी', मग 'मेक इन्स्टॉलवर्ल्ड डेस्टडिर=/एमएनटी', आणि शेवटी 'एटीसीअपडेट -डी /एमएनटी'. मधला रीबूट इथे लागत नाही, कारण चालू कर्नल नव्या युजरलँडवर स्वतःचा संसार चालवत नाहीये, फायली फक्त दुसऱ्या डिरेक्टरीत ठेवल्या जातायत. सोर्सच्या 'टूल्स/बिल्ड' डिरेक्टरीत 'बीईइन्स्टॉल.एसएच' नावाची स्क्रिप्ट हेच काम करते. पहिल्या वेळी मात्र हाताने करा, म्हणजे कुठे काय घडतं ते दिसेल.

'/ईटीसी'मधल्या सेटिंगच्या फायली नव्या करणाऱ्या एटीसीअपडेटवर जरा थांबा. ते तीन गोष्टी समोर ठेवतं: मागच्या सोर्समधली मूळ फाइल, नव्या सोर्समधली फाइल आणि तुमची बदललेली फाइल. तुम्ही हात न लावलेली फाइल 'यू' अक्षराने थेट बदलली जाते, तुमचा बदल सुखाने मिसळला की 'एम' येतं, आणि दोन्हीकडून त्याच ओळी बदलल्या असतील तर 'सी'. समजा यादीत असं आलं:

एम /ईटीसी/मास्टर.पासडब्ल्यूडी
सी /ईटीसी/पॅम.डी/एसएसएचडी

'सी' आलेली फाइल लगेच बदलत नाही. तिची गुंतलेली प्रत '/व्हार/डीबी/एटीसीअपडेट' खाली बाजूला राहते आणि 'एटीसीअपडेट रिझॉल्व्ह' चालवेपर्यंत जुनीच फाइल लागू असते. म्हणजे 'नंतर बघू' म्हणून सोडलंत, तर ओपीची जुनी ओळ आहे तशी राहील. रिझॉल्व्हमध्ये 'डीएफ' दाबून फरक बघा, 'ई' दाबून एडिटरमध्ये आपला बदल ठेवा, ओपीच्या ओळी काढा, मग 'आर'. 'टीएफ' म्हणजे त्यांची फाइल जशीच्या तशी. 'पासडब्ल्यूडी' आणि 'ग्रुप'वर तो पर्याय कधीही दाबू नका, तुमचे सगळे वापरकर्ते त्यात जातात. 'एम' आलं तरी मास्टर.पासडब्ल्यूडी डोळ्यांखालून घालाच, रूटची ओळ विशेषतः. क्लोनमध्ये काम करत असल्यामुळे हे तपासायला तुमच्याकडे हवा तेवढा वेळ आहे. सर्व्हर १३ वर चालू आहे, कुणाचं काही अडलेलं नाही.

झालं की 'बीईसीटीएल अनमाउंट', आणि मग 'बीईसीटीएल अ‍ॅक्टिव्हेट -टी १४.३'. यातल्या 'टी'साठीच हा सगळा मार्ग मी सुचवतोय. ही निवड फक्त पुढच्या एका बूटपुरती असते. नवा कर्नल पॅनिक झाला तर मशीन थोड्या वेळाने आपणहून रीबूट होतं आणि जुन्या १३.५ वर उभं राहतं. सगळं बूट झालं पण नेटवर्क आलं नाही, तर डेटा सेंटरवाल्याला फोन करून 'मशीन एकदा बंद करून चालू करा' एवढंच सांगायचं. तरीही आयपीएमआय किंवा सिरियल कन्सोल (मशीनचा स्क्रीन दुरून बघायची सोय) मिळत असेल तर त्या रात्रीपुरता मागून घ्या. रूट माउंट न होता मशीन प्रॉम्प्टवर थांबलं तर काय झालं ते कन्सोलशिवाय कळत नाही.

आत आल्यावर 'फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू' चालवा. इन्स्टॉल झालेला कर्नल, चालू कर्नल आणि युजरलँड, तिन्हीकडे १४.३ दिसायला हवं. मेल पाठवून आणि मागवून बघा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने एसएसएच करून बघा, सांबा (फाइल शेअरिंगचा प्रोग्राम) तपासा. मगच 'टी'शिवाय 'बीईसीटीएल अ‍ॅक्टिव्हेट १४.३'.

पॅकेजेस

१३ साठी बांधलेली पॅकेजेस या क्षणी चालतात, कारण जुन्या लायब्ररी अजून डिस्कवर आहेत. ओपनएसएसएल बघा: १३ मध्ये १.१.१ होतं आणि फाइल 'लिबएसएसएल.एसओ.१११' होती, १४ मध्ये ३.० आलं आणि फाइल 'लिबएसएसएल.एसओ.३०' झाली. तुमचा पोस्टफिक्स, डव्हकॉट (मेलबॉक्सचा सर्व्हर), सगळे अजून १११ कडेच बघतायत. 'पीकेजी-स्टॅटिक इन्स्टॉल -एफ पीकेजी' करून आधी पीकेजी स्वतः नवं करा, मग 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ'. स्टॅटिक रूप यासाठी की ते कुठल्याही शेअर्ड लायब्ररीवर अवलंबून नाही. पोर्ट्स स्वतः बांधत असाल तर सगळे पुन्हा बांधा, एकही न सोडता.

यूएफएसचं मशीन

इथे क्लोन नाही, म्हणून हँडबुकातला क्रम जसाच्या तसा: आधी 'डम्प'ने बॅकअप, मग इन्स्टॉलकर्नल, रीबूट, 'एटीसीअपडेट -पी', इन्स्टॉलवर्ल्ड, एटीसीअपडेट, रीबूट. मधला रीबूट सोडायचा नाही. नवा कर्नल उठला नाही तर लोडरच्या मेनूतून 'कर्नल.ओल्ड' निवडा, जुनं वर्ल्ड शाबूत असल्यामुळे तो नीट चालतो. पण नव्या कर्नलवर उठल्यावर इन्स्टॉलकर्नल पुन्हा चालवलंत तर 'कर्नल.ओल्ड'मध्येही नवाच कर्नल जातो. म्हणून चांगला चाललेला कर्नल आधीच '/बूट/कर्नल.१३' नावाने कॉपी करून ठेवा. 'एटीसीअपडेट -पी' वगळलंत तर नव्या आवृत्तीला लागणारा एखादा सिस्टिम वापरकर्ता नसल्यामुळे इन्स्टॉलवर्ल्ड सुरुवातीलाच अडतं. २०१८ मध्ये एनटीपीडीचा वेगळा वापरकर्ता आला तेव्हा हे झालं होतं.

सिंगल युजरमध्ये जाणार असाल आणि मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं असेल, तर 'अ‍ॅडजकर्नटीझेड -आय' आधी चालवा, नाहीतर वेळ साडेपाच तासांनी चुकते आणि मेक फाइलींच्या तारखांवरून गोंधळतं. इन्स्टॉलवर्ल्ड मध्येच तुटून लिबसी बिघडली तर सिंगल युजरमध्ये शेलचं नाव विचारल्यावर '/रेस्क्यू/एसएच' टाइप करा. '/रेस्क्यू'मधलं सगळं स्टॅटिक आहे, माउंटपासून टारपर्यंतची हत्यारं तिथे मिळतात, आणि तिथून बॅकअप परत ओढता येतो. आणखी एक, हे काम एसएसएचवरून करणाऱ्यांसाठी: ओपनएसएसएच ९.८ मध्ये एसएसएचडीचे दोन वेगळे प्रोग्राम झाले. वर्ल्ड टाकून रीबूट व्हायच्या आधी जुनाच एसएसएचडी चालू ठेवला तर नवी जोडणी मिळत नाही. हातातलं सेशन बंद करण्यापूर्वी 'सर्व्हिस एसएसएचडी रीस्टार्ट' करून दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघा.

वाट बंद करणाऱ्या पायऱ्या

'मेक डिलीट-ओल्ड' जुन्या फायली काढतं. झेडएफएसच्या सर्व्हरवर ते १४.३ नेहमीसाठी अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर चालवा. 'मेक डिलीट-ओल्ड-लिब्ज' मात्र पॅकेजेस पूर्ण झाल्याशिवाय नाही. 'बीएसडीअ‍ॅडमिनस्क्रिप्ट्स२' या पॅकेजातलं 'पीकेजी_लिबसीएचके' चालवलं तर कोण अजून जुन्या लायब्ररीवर आहे ते कळतं. ते न बघता पुसलं तर दुसऱ्या दिवशी डव्हकॉट 'शेअर्ड ऑब्जेक्ट लिबएसएसएल.एसओ.१११ नॉट फाउंड' म्हणत उठणारच नाही.

'झेडपूल स्टेटस' तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगेल की पूलवर काही फीचर सुरू नाहीत, अपग्रेड करा. करू नका. १३ मध्ये ओपनझेडएफएस २.१ आहे, १४ मध्ये २.२. नवी फीचर वापरात आली की १३ चा कर्नल तो पूल घेणार नाही, म्हणजे जपून ठेवलेलं जुनं बूट एन्व्हायर्नमेंट निरुपयोगी. आणि इन्स्टॉलवर्ल्ड बूट पार्टिशनमधल्या लोडरला हात लावत नाही, तो तिथे जुनाच असतो. त्याला नवा पूल वाचता आला नाही तर १४ सुद्धा उठणार नाही. म्हणून आधी लोडर. 'जीपार्ट शो'मध्ये ईएफआयचं पार्टिशन असेल आणि मशीन त्यावरूनच उठत असेल तर '/बूट/लोडर.ईएफआय' तिथे कॉपी करा, जुन्याची प्रत दुसऱ्या नावाने शेजारी ठेवून. जुन्या पद्धतीचं फ्रीबीएसडी-बूट पार्टिशन असेल तर 'जीपार्ट बूटकोड'ने 'जीपीटीझेडएफएसबूट' लिहा. पूल मिररवर असेल तर हे दोन्ही डिस्कवर करा. एकीवरच केलं तर ती डिस्क मरेल त्या दिवशी मशीन दुसरीवरून बूट होणार नाही.

महिनाअखेरचे हिशेब, बॅकअपची एक पूर्ण फेरी आणि निदान एक सुरक्षा अपडेट १४ वर पार पडू द्या. नव्या लोडरवरून एक साधा रीबूट करून बघा. त्यानंतर 'झेडपूल अपग्रेड', आणि मग 'बीईसीटीएल डिस्ट्रॉय' करून १३.५ चा क्लोन काढून टाका.